प्रकल्प नोंदी : दुसऱ्या मजल्यावर पाणी बारीक का?

२४ जून

यंदाच्या विज्ञान प्रदर्शनाला आठवीचा ‘बल व दाब’ घ्यायचा. कारण धड्यात नाही, लालबागच्या एका सात मजली इमारतीत आहे. वर्गातले तिघे तिथे राहतात. एक तळमजल्यावर, एक दुसऱ्यावर, एक सातव्यावर. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीची रोजची रड: नळाला फोर्सच नाही, बादली भरेपर्यंत शाळेची वेळ होते. सोसायटीने गच्चीवर दुप्पट मोठी टाकी बसवायचं मनावर घेतलंय, घरटी किती काढायचे यावर चर्चा चालू आहे.

तिने वर्गात विचारलं, “बाई, टाकी मोठी केली की फोर्स वाढेल ना?”

अर्धा वर्ग हो म्हणाला. बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी उत्तर दिलं नाही. सोसायटीचे पैसे वाचणार की जाणार, हे ही मुलं मोजून सांगणार असतील तर मी मधे कशाला तोंड घालू?

२७ जून

सुरुवात घनापासून. वीट भाजीवाल्याच्या काट्यावर तोलली, ३ किलो. मापं २३ × ११ × ७.५ सेंमी. ट्रेमध्ये बारीक वाळू सपाट करून वीट आधी आडवी, मग कडेवर, मग उभी ठेवली. उभी वीट ठळक रुतली. “उभी केली की जड होते” असं एकाने छातीठोक सांगितलं, म्हणून तिन्ही तऱ्हांनी काट्यावर ठेवली. तिन्ही वेळा ३ किलोच.

हिशेब: बल २९.४ न्यूटन. आडवी असताना २५३ चौसेंमीवर, म्हणजे सुमारे ११६० पास्कल. कडेवर १७००. उभी असताना ८२.५ चौसेंमीवर, म्हणजे ३५६०. वजन तेच, दाब तिप्पट.

यापेक्षा मजा चुंबळीने आणली. एका मुलाची आजी मासळीची पाटी डोक्यावरून नेते. जुन्या लुगड्याची तिची चुंबळ तो घेऊन आला. टेबलावर करवंटी पालथी घातली, तिला शाई फासली, वर रुमाल आणि त्यावर ५ किलोची पाटी ठेवली. रुमालावर जेमतेम १ चौसेंमीचा ठिपका उमटला. मग मधे चुंबळ घालून तेच केलं. आता शाईचं कडं उमटलं. आलेखाच्या कागदावर ठेवून चौकटी मोजल्या तर चाळीसच्या आसपास. म्हणजे दर चौसेंमीला ५ किलोऐवजी सव्वाशे ग्रॅम. आजीला हे सांगितल्यावर तिने नातवाला विचारलं म्हणे, की हे शिकवायला शाळा कशाला लागते. (शाईचा डाग चुंबळीवरही पडलाय. नवीन लुगडं कोण देणार यावर गटात अजून एकमत नाही.)

१ जुलै

द्रव. बाटलीला खालून ६, १२ आणि १८ सेंमीवर भोकं पाडली, पाण्याची पातळी २४ सेंमीवर राहील अशी वरून धार चालू ठेवली. खालचं पाणी सर्वांत लांब जाणार हे मुलांना पाठ. तशी चित्रं सगळीकडे असतात.

बाटली टेबलावरच ठेवली होती. मधली धार २३ सेंमीवर पडली. वरची आणि खालची, दोन्ही २० वर, जवळजवळ एकाच ठिकाणी. वर्ग गप्प. मग कुजबुज: “बाई, चित्रात चुकलंय?”

चित्रात दाब बरोबर आहे, बाटली चुकीच्या जागी आहे. खालच्या भोकातून पाणी सर्वांत वेगाने निघतं, पण टेबल त्याच्या खाली सहाच सेंमीवर, म्हणून लांब जायला त्याला वेळच मिळत नाही. वरची धार हळू निघते पण जास्त वेळ हवेत राहते. अंतर ठरतं ते भोकाची खोली आणि भोकाची टेबलापासूनची उंची यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावरून. खालच्याला १८ × ६, वरच्याला ६ × १८. आठवीला वर्गमूळ येतं, म्हणून फळ्यावर करून दाखवलं.

मग बाटली जमिनीपासून ५० सेंमी उंच स्टुलाच्या कडेला ठेवली. आता ६१, ५२, ३९. खालची धार पुढे. वर्गाला ओलं होण्याचं निमित्त मिळालं, शिपाईमामांना पुसण्याचं.

५ जुलै

यू-नळी. नरसाळ्याला फुग्याचं रबर ताणून बांधलं आणि ते नळीच्या एका टोकाला जोडलं, नळीत शाईचं पाणी. नरसाळं बादलीत एकाच खोलीवर धरून तोंड वर, खाली, बाजूला फिरवलं. नळीच्या दोन बाजूंच्या पातळ्यांतला फरक तोच राहिला. वीट फक्त खाली दाबत होती, पाणी सगळीकडून दाबतं. एवढं पुरे.

खरा प्रयोग नंतरचा. २० लिटरचा कॅन आणि अर्ध्या इंचाचा उभा पाइप, दोन्हींत पाणी एकाच उंचीपर्यंत. दोन्हींचे बूड पारदर्शक नळीने जोडले, मधे चिमटा. चिमटा काढल्यावर कॅनमधलं एवढं पाणी पाइपातल्या मूठभर पाण्याला वर ढकलून देईल, असं बहुतेकांनी वहीत लिहिलं होतं. चिमटा काढला. काही हललं नाही. गवंडी लेव्हल काढायला जी पाण्याची नळी वापरतात ती याच्याच जोरावर चालते.

दुसऱ्या मजल्यावरची मुलगी: “म्हणजे टाकी रुंद केली तरी आमच्याकडे तेवढंच?”

दाब तेवढाच. पाणी जास्त वेळ पुरेल, ती गोष्ट वेगळी.

८ जुलै

रात्रभर कोसळला, शाळेला सुट्टी. घरी बसून तक्त्यासाठी मजकूर लिहिला. मुंबईचं पाणी हा उंचीचाच कारभार आहे. विहार १८६०चा, तुळशी १८७९चा, तानसा १८९२चा. पुढचे तलाव आणखी लांबचे. शहापूरकडून बरंचसं पाणी उतारावरून चालत येतं. शहरात ते साठवायच्या जागाही टेकड्यांवर: मलबार हिलला हँगिंग गार्डनच्या खाली, माझगावला भंडारवाड्याच्या टेकडीवर. वर बाग, खाली पाणी. बागेत फिरायला जाणाऱ्यांपैकी कितीजणांना पायाखाली काय आहे हे माहीत असतं, देव जाणे. टेकडी निवडली ती दाबासाठी. पाणी १ मीटर वर असलं की खाली दर चौसेंमीला १०० ग्रॅम, म्हणजे ९.८ किलोपास्कल. १० मीटरला १ किलो. हा आकडा मुलांकडून पाठ करून घ्यायचा, बाकी सूत्रं नंतर.

१२ जुलै

नागदेवी स्ट्रीटला पाण्याचा दाब मोजायचा गेज आणायला गेलो. दुकानदाराने पहिला प्रश्न केला, “कितीचा देऊ? चार किलोचा, सातचा, दहाचा?” या गल्लीत किलो म्हणजे दर चौसेंमीला किलो. चारचा घेतला. मुलं उत्सुकतेने बघतायत म्हटल्यावर त्याने गल्ल्याखालून एक मोडका गेज काढून फुकट दिला.

तो शाळेत उघडला. आत पितळेची चपटी नळी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकवलेली, एक टोक बंद. आतला दाब वाढला की ती किंचित उलगडते. बंद टोकाला बारीक दांडी, दांडीला दात्यांची पट्टी, पट्टीने फिरतं काट्याचं चाक. बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसाने १८४९ साली याचं पेटंट घेतलं, अजून तेच चालतंय. तोंडाने फुंकलं तर काटा हलला नाही, पण भिंगातून नळीचं टोक सरकलेलं दिसलं असं दोघींनी शपथेवर सांगितलं. मला दिसलं नाही.

गॅरेजवाल्याच्या मुलाचा प्रश्न चांगला होता. टेबलावरचा गेज शून्य दाखवतो, मग हवेचा दाब कुठे गेला? गेला नाही. हवा नळीच्या आतूनही दाबते आणि बाहेरूनही. गेज फक्त फरक सांगतो. हे वायूंच्या वेळी उपयोगी पडणार, म्हणून वहीत चौकट करून ठेवायला सांगितलं.

१४ जुलै, रविवार

इमारतीत मोजणी. सेक्रेटरींनी आधी कुरकुर केली, मग स्वतःच जिन्यातून वरखाली करू लागले. टाकीतली पातळी मेजर टेपने काढली: तळमजल्याच्या नळापासून २४.९ मीटर वर. स्वयंपाकघरातल्या नळाच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) लावून गेज बसवला, टेफ्लॉन टेप गुंडाळून.

घरातले सगळे नळ बंद असताना: सातव्यावर ०.४५, दुसऱ्यावर १.९, तळमजल्यावर २.५. मुलांनी उंचीवरून काढलेले आकडे होते ०.४६, १.९१ आणि २.४९. एवढं जुळेल असं मलाही वाटलं नव्हतं.

म्हणजे ज्या मुलीच्या घरी फोर्स नाही, तिच्याकडे सातव्या मजल्याच्या चौपट दाब आहे. तिची आई गेजकडे आणि आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. “आकडे ठेवा, बादली भरून दाखवा,” म्हणाली. बरोबरच बोलली.

मग न्हाणीघरातला नळ पूर्ण सोडून गेज पुन्हा वाचला, आणि १० लिटरची बादली भरायला लागणारा वेळ घेतला.

सातवा: काटा ०.३ वर, बादली ७० सेकंदांत.
दुसरा: १.९ वरून थेट ०.२, बादली अडीच मिनिटांत.
तळमजला: १.६, बादली ३५ सेकंदांत.

नळ बंद असताना पाणी उभं असतं. तेव्हा दाब फक्त उंचीवर ठरतो आणि वाटेत कितीही अडथळे असोत, पुरेसा वेळ दिला की तेवढाच भरतो. पाणी वाहायला लागलं की पाइपाशी घासण्यात दाब खर्च होतो. दुसऱ्या मजल्यावर १.७ किलो वाटेतच संपतोय. कुठे, ते शोधायचं. गच्चीवर तर नक्कीच नाही.

२० जुलै

पावसाने बाहेर पडता येईना, म्हणून सिरिंजा. सुया न घेता, ५ मिलीची आणि ५० मिलीची. आतलं क्षेत्रफळ कसं काढायचं यावर मुलं अडली. सिरिंजवरच लिहिलेलं असतं! ५ मिलीच्या खुणा ४.३ सेंमी लांबीत बसल्यात, ५ भागिले ४.३ म्हणजे १.१६ चौसेंमी. मोठीत ५० मिली ८.२ सेंमीत, ६.१ चौसेंमी.

आधी दोन्हींचे दट्टे समोरासमोर धरून मधे पेन्सिल लावली आणि छोटा ढकलला. जेवढं बल इकडून, तेवढंच तिकडे. मग दोन्ही सिरिंजा पाण्याने भरून नळीने जोडल्या. आता छोट्या दट्ट्यावर एका बोटाने मोठ्यावरचं दोन किलोचं वजन उचललं गेलं. पेन्सिलीतून बल जसंच्या तसं जातं; पाण्यातून दाब जसाच्या तसा जातो, आणि क्षेत्र मोठं मिळालं की बल वाढतं. मात्र छोटा दट्टा ४ सेंमी सरकला तेव्हा मोठा पाऊण सेंमीच वर आला. पास्कलच्या नियमात फुकट काही मिळत नाही.

तिसऱ्या वेळी नळीत पाण्याऐवजी हवा. छोटा दट्टा निम्मा आत गेला तरी वजन जागचं हलेना. हवा आधी स्वतः आकसते, मग दाब पोचवते. गॅरेजवाल्याच्या मुलाने लगेच सांगितलं, ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरली की पॅडल मऊ लागतं आणि पप्पा नट सैल करून एअर काढतात. प्रदर्शनात हा भाग त्यानेच बोलायचा.

२६ जुलै

वायू, पुढे. २० मिलीची सिरिंज, तोंड पक्कं बंद, उभी धरून दट्ट्यावर वजनं. दट्टा घासतो, म्हणून प्रत्येक वेळी वरून सोडून आणि खालून सोडून वाचन घेतलं, दोन्हींची सरासरी. १ किलोला १५ मिली, २ किलोला १२, ३ किलोला १०.

बॉइलने १६६२ साली मांडलेला नियम: दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम. मुलांनी गुणले: १५, २४, ३०. कायम कुठे?

१२ जुलैची चौकट काढायला लावली. दट्ट्यावर फक्त आपण ठेवलेलं वजन नाही, वरची हवाही आहे. दट्टा ३.०३ चौसेंमीचा, हवा दर चौसेंमीला १.०३ किलो, म्हणजे ३.१ किलो आधीपासून बसलेत. ते मिळवून पुन्हा गुणाकार: ६१.५, ६१.२, ६१. आणि काहीही न ठेवता २० मिली, तेव्हा ६२. मागच्या बाकावरून “आयला!” आला, मी ऐकलं नाही असं दाखवलं.

२ ऑगस्ट

शाळेचा जिना चार मजल्यांचा आणि मधली पोकळी सरळ, त्याचा फायदा घेतला. जाळीचा जाड पारदर्शक पाइप, १२ मीटर; साधा पाइप बाहेरच्या हवेने चपटा होतो. पाणी उकळून गार केलेलं, त्यात पोटॅशियम परमँगनेट. वरच्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह बंद, खालचं टोक बादलीत, दोरीने पाइप वर ओढायचा.

पहिले तीन मजले पाइप काठोकाठ भरलेला. मग वरच्या टोकाखाली पाणी सुटायला लागलं. पाइप वर जातोय, पाणी जागच्या जागी थांबलंय, आणि त्याच्या पृष्ठभागावर उकळल्यासारखे बुडबुडे. टेप लावला: बादलीतल्या पातळीपासून ९.७ मीटर. त्या दिवशीचा हवेचा दाब १००३ हेक्टोपास्कल होता, त्याने १०.३ मीटर पाणी पेलायला हवं. पण वरची जागा अगदी रिकामी नाही. २९ अंशाला पाण्याची वाफच ४० सेंमीचा हिस्सा खाते. राहिलेली थोडी तूट पाण्यातून सुटलेल्या हवेची. टॉरिचेलीने १६४३ साली पारा घेतला तो याचसाठी. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, ७६ सेंमीत काम भागतं, जिना लागत नाही.

वरचा व्हॉल्व्ह उघडला तेव्हा सगळं पाणी धबाककन बादलीत, आणि बादलीतून पहिलीच्या वर्गासमोर. जांभळा डाग अजून आहे.

यावरून एक गोष्ट मुलांनी स्वतः जोडली. सोसायटीचा पंप खाली सक्शन टाकीजवळ असतो, गच्चीवर का नाही? पंप पाणी ‘ओढत’ नाही, तो जागा मोकळी करतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. तिची ताकद दहा मीटरला संपते. खालून ढकलायचं असेल तर सात मजले काय, सत्तरही चालतील, पंप तेवढा हवा.

सातव्या मजल्यावरच्या मुलाने मामाच्या टॉवरमध्ये लिफ्टने जाऊन मोबाइलचा बॅरोमीटर वाचून आणलाय: तळाशी १००४.१, तिसाव्या मजल्यावर ९९३.४. जवळजवळ ९५ मीटर हवेचा दाब म्हणजे ११ सेंमी पाणी. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून हवामानाची नियमित निरीक्षणं चालू आहेत; तिथल्या पावसाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या सरासरी दाबांतही साधारण एवढाच फरक पडतो. लिफ्टमध्ये कानांना दडे बसतात, जानेवारीत का नाही? कारण तो बदल काही महिन्यांत होतो, कानाला सावरायला वेळ मिळतो.

११ ऑगस्ट, रविवार

प्लंबर आले. टाकीतून खाली येणाऱ्या डाउनटेक पाइपातून दुसऱ्या मजल्याला फुटणारी अर्ध्या इंचाची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) लाइन कापली. कापलेला तुकडा हातात घेऊन खिडकीकडे धरला. आतून गंजाच्या पिवळ्या-तपकिरी गाठी, एकीवर एक, मधे पेन्सिलसुद्धा जाणार नाही एवढं भोक. नखाने टोकरलं तर पापुद्रा निघाला, खाली आणखी एक. प्लंबर म्हणाले, “टाकी कितीबी मोठी आणा, पाणी ह्याच भोकातनं येणार.”

नवीन पाइप बसल्यावर बंद नळाला गेज १.९. आधी होता तेवढाच, एका काडीचा फरक नाही. न्हाणीघराचा नळ सोडल्यावर १.३. बादली ४० सेकंदांत. मुलीच्या आईने चहा केला.

२४ ऑगस्ट

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मुलांना दहा मिनिटं दिली, पंचवीस घेतली. मोठ्या टाकीचा विषय बाजूला पडला. त्याला आमचं विटेचं गणितही कारणी लागलं: आणखी १० हजार लिटर म्हणजे स्लॅबवर आणखी १० टन, आणि ते चार ठोकळ्यांच्या तळावर टेकणार. ठोकळे रुंद केले तर स्लॅबवरचा दाब कमी होईल, पण बीमला १० टन पेलावेच लागतील. चेअरमननी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही असं लिहून घेतलं. पहिल्या ते तिसऱ्या मजल्याच्या लाइनी आधी बदलणार.

सातव्या मजल्याचं दुखणं खरं उंचीचं आहे, तिथे पाइप बदलून भागणार नाही. ०.४५ किलोवर शॉवर रडतच चालणार. टाकी ३ मीटर उंच स्टँडवर चढवली तर ०.३ वाढेल, नाहीतर त्या मजल्यापुरता छोटा प्रेशर पंप. दुसरं स्वस्त पडेल असं माझं मत, पण ते मीटिंगमध्ये बोलले नाही.

गेज तळमजल्यावर कायमचा लावून हवाय असं वॉचमननी सांगितलं. खाली बसून काटा बघायचा आणि वर टाकीत किती पाणी उरलंय ते ओळखायचं, गच्चीवर चढायला नको. कल्पना त्यांचीच, आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. अडचण एकच: टाकीतलं पाणी फार तर दीड मीटर वरखाली होतं, म्हणजे काटा ०.१५ हलणार, आणि आपल्या गेजवर एक घर ०.१चं. मोठ्या तबकडीचा, बारीक घरांचा गेज लागेल. नागदेवीला विचारायला गॅरेजवाल्याचा मुलगा सोमवारी जातोय.